खडूची रेघ
एकाहत्तर साली लष्कराच्या लिलावात मी जीपमागं जोडायचा जुना ट्रेलर घेतला. दोन दिवस भंडारदऱ्याला राहायला जायचं, हा बेत चांगुणाचा, माझ्या बायकोचा. सहादू सुतारानं ताडपत्रीचं छत घातलं, झोपायला फळ्या टाकल्या, चांगुणानं ट्रेलरच्या मागं उभं राहून आपल्या कमरेच्या उंचीवर खडूची रेघ ओढली, "माझा स्टोव्ह इथं." स्टोव्हची फळी ठोकायच्या आधीच ती तापानं गेली. तीन महिन्यांनी मी सहादूला परत बोलावलं. "दादा, वीतभर वर ठोकतो. आता सैपाक तुमालाच करायचा हाय." "रेघेवरच ठोक." "पाठ मोडंल की!" "मोडू दे." दारातून माझी थोरली बहीण ओरडली, "वर्षश्राद्ध न्हाई झालं, अन् निघालास फिरायला! लोक काय म्हनतील?" "म्हनू देत, आक्का. तिनं ठरवलंय, मी जानार." फळी बसली. मी तिथंच स्टोव्ह पेटवला, कमरेत वाकलो आणि आक्कासाठी चहा ठेवला.