एक खांदा

रांग पुढे सरकली तसा उपेंद्र एक पाऊल मागेच राहिला. आयर्लंडमधल्या लेटरकेनीजवळच्या त्या घरात म्हातारा मायकल शवपेटीत शांत पडला होता आणि अख्खं गाव एकेक करून घरच्यांचा हात हातात घेत होतं. परवा सकाळी धुक्यातल्या वळणावर मायकल उपेंद्रच्याच गाडीखाली आला होता. "डॉक्टर, चूक तुमची नाही," पोलीस म्हणाले. म्हणून काय माणूस उठून बसतो?

बाहेर गाडीत नंदिनीने विनवलं होतं, "नको ना जाऊस. तोंडावर दार लावतील." मागच्या सीटवर शर्वाणी, त्यांची लेक. शाळेत सध्या ग्रीक शोकांतिका चालू होती, नकळत हातून खून झालेल्या एका राजाची. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "ही डिडन्ट नो, बाबा. स्टिल हॅड टु लीव्ह द सिटी."

उपेंद्रलाही तेच हवं होतं. डब्लिनच्या नोकरीचा अर्ज त्याने कालच धाडला होता.

त्याची पाळी आली. "सॉरी फॉर युअर ट्रबल," इथल्या रिवाजाचे शब्द तो मायकलच्या बायकोसमोर कसेबसे बोलला. "आम्ही डब्लिनला जातोय. तुमच्या डोळ्यांसमोर राहणार नाही."

तिच्या शेजारी उभ्या तिच्या मुलाने, डेक्लनने, हात खिशात घातले. म्हातारीने मात्र उपेंद्रचा हात सोडला नाही.

"रस्त्यात त्याच्यापाशी तूच बसला होतास ना? काही बोलला?"

"थंडी वाजतेय म्हणाला. मी कोट घातला अंगावर."



"मग तू कुठे निघालास? त्याचा शेवटचा शब्द तुझ्यापाशी आहे. रोज या फाटकावरून जायचंस. मला दिसायचंस. तू आता इथलाच."

इथे आल्यापासून नऊ वर्षं हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला उपेंद्र आसुसला होता. आज ऐकलं आणि त्याने हात सोडवून घ्यायला पाहिलं.

पेटीला झाकण लागलं.

"एक खांदा याचा," म्हातारी मुलाला म्हणाली.

"मॅमी, नो."

"याचा."

इथे खांदेकरी जोडीजोडीने चालतात, पेटीखालून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. उपेंद्रच्या जोडीला डेक्लन आला. त्याचा हात उपेंद्रच्या मानेमागून आला, आणि उपेंद्रच्या जाकिटाची कॉलर त्याने मुठीत आवळली. चर्चचा चढ संपेपर्यंत ती मूठ सैल झाली नाही.