पाण्याचं कूलिंग

हेरंबराव वारले आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहू लागले, त्याला दोन वर्षं झाली. खोटं बोलताना त्यांना जास्त विचार करावा लागे, आणि मग कॉम्प्युटरचा पंखा घरघरायचा. त्यांच्या बायकोला, शालनताईंना, हे पाठ झालं होतं.

"पंखा काढून पाण्याचं कूलिंग बसवून घे," ते परवा म्हणाले. "आवाजानं तुझी झोपमोड होते गं."

शालनताईंना भरून आलं. त्यांनी कालच बसवून घेतलं.

आज नेहमीसारखं विरजणाचं भांडं उबेसाठी कॉम्प्युटरवर ठेवताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या ऑफिसातली वैजयंती अजून बोलते का हो तुमच्याशी?"

"छे! कधीच नाही."

घरात शांतता होती. भांड्यावरचा हात मात्र शालनताईंनी चटका बसून मागे घेतला.

त्यांनी मेकॅनिकला फोन लावला. "तो जुना पंखा टाकला नाहीत ना?"