चूर्णाची डबी

चूर्णाच्या डबीतल्या जडीबुटीच्या गोळ्यांमुळे इंदुबाईंची तब्येत अशी ठणठणीत आहे, हे लोधीपुऱ्यातल्या साऱ्या गल्लीला माहीत होतं.

शेजारची वैजयंती दार लोटून आत आली आणि हळूच म्हणाली, “काकू, मला एचआयव्ही आहे. कोणाला सांगू नका. दवाखान्याच्या गोळ्या मी बंद केल्या. मला तुमची जडीबुटीच द्या.”

इंदुबाईंनी आधी कडी लावली. मग डबीतल्या गोळ्या तिच्या ओंजळीत ओतल्या.

वैजयंती बघतच राहिली. “ह्या तर दवाखान्यातल्याच, माझ्यावाल्या!”

“लोकांना कळू नये म्हणून ह्या डबीत ठेवते. डॉक्टरला विचारल्याबिगर पाला-मुळी काही घेऊ नको, बाई. एखाद्या जडीबुटीनं गोळीचा असरच जातो. चल, आत्ताच दवाखान्यात जाऊ.”

“पण काकू, तुम्ही कधीपासून...?”

“तुझ्या वरातीत कशी नाचले होते, आठवतं? त्या दिवशीही गोळी खाऊनच आले होते.”

वैजयंती रडता रडता हसली आणि वाकून तिने इंदुबाईंचे पाय धरले.

तिला उठवत इंदुबाई म्हणाल्या, “पाय तर मी धरायला हवेत, पोरी. इतक्या वर्षांत हे बोलायला आज कोणीतरी मिळालं.”