पास्कोची नक्कल

गावची प्रथा अशी: कापणीची शेवटची पेंढी उंचावून तिथल्या जुन्या कॉर्निश भाषेत आरोळी द्यायची, ‘माझ्याकडे आहे!’ आणि शेतातल्यांनी विचारायचं, ‘काय आहे?’ वीस वर्षं मोरवेना आरोळी द्यायची आणि विचारायचा फक्त तिचा नवरा, पास्को. बाकीचे बांधावर बसून त्याच्या नकला करायचे. पास्को या वसंतात वारला. ‘यंदा इंग्रजीतच करू या, मोरवेनाबाई,’ पाद्री म्हणाले. ‘भाषा मरून दोनशे वर्षं झाली.’ ‘मेलेल्या भाषेतच मी नवऱ्याशी जन्मभर भांडलेय, पाद्रीबुवा.’ तिने पेंढी उंचावून आरोळी दिली. विचारायला पास्को नव्हता. तिने आणखी मोठ्याने दिली. बांधावरून डेन्झिलने, सर्वांत खवचट नकलाकाराने, पास्कोच्या घोगऱ्या आवाजात कॉर्निशमध्येच विचारलं, ‘काय आहे?’ कोणी हसलं नाही. मग सगळा बांध ओरडला; टिंगल करता करता पाठच झालं होतं. पेंढी वरच ठेवून मोरवेना म्हणाली, ‘उच्चार भिकार आहेत. पुन्हा.’