उजाडायच्या आत

समईची तिसरी वात काही केल्या पेटेना. हर्सूलच्या त्या लॉन्सवर पहाटेचा वारा सुटला होता आणि प्रमुख पाहुणे काडीमागून काडी विझवत होते. पहिल्या रांगेत गादीवर मांडी घालून बसलेल्या काकासाहेब औताड्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता.

“एक वात पेटली तरी देवाला चालतंय,” ते शेजारच्या निजामुद्दीनला म्हणाले. “ह्यांनाच चालत नाय.”

“सबर करो यार. दिवाळी पहाट आहे. दिया तो लगेगाच.”

“लावा की दिवा. पण गाणं होऊ द्या ना! उजाडायला आलं.”

त्यांची घाई उगाच नव्हती. स्टेजवर एका कडेला, स्वेटरवरून पदर घेऊन करुणाबाई देवगावकर बसल्या होत्या. ऐंशी पार केलेल्या. यापुढे त्या गावोगाव जाणार नाहीत, असं निवेदिकेनंच मघाशी सांगितलं होतं. वीजखात्यातल्या सगळ्या नोकरीत काकासाहेबांनी बाईंचा ललत कॅसेटवर ऐकला, कॅसेट झिजल्यावर मोबाईलवर ऐकला. समोर बसून एकदाही नाही. आज बाई ललत गाणार होत्या. आणि ललत म्हणजे पहाटेचा राग. ऊन आलं की बाई तो गात नाहीत, मग कुणी पाया का पडेना. हे काकासाहेबांना माहीत होतं. संयोजकांना नसावं, किंवा असलं तरी त्यांना आधी सत्कार उरकायचे होते.

नमनालाच घडाभर तेल गेलं. वातीनंतर स्वागतगीत. मग नगरसेवक, मांडववाले, गाद्यावाले, फराळाची पाकिटं देणारे, लॉन्सचे मालक आणि मालकांचे व्याही. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि फोटो. फोटोत एखाद्याचे डोळे मिटले की शाल काढायची आणि पुन्हा घालायची. मधल्या जागा निवेदिका प्रेरणा स्वतःच्या चारोळ्यांनी भरून काढत होती. पहाट, दवबिंदू, सूर. सूर, दवबिंदू, पहाट. तंबोरे जुळवून बसलेले दोघे शिष्य तारांवर बोटं ठेवून नुसते बघत होते.

पाण्याच्या टाकीमागे आभाळ फिकं व्हायला लागलं. शेवटचा नारळ व्याह्यांच्या हातात पडला तसे काकासाहेब सावरून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

“आणि आता,” प्रेरणा म्हणाली, “एक गोड धक्का! दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारे आपले रसिकश्रेष्ठ, काकासाहेब औताडे!”

काकासाहेबांनी डोळे उघडले. निजामुद्दीन गालातल्या गालात हसत होता.

“नाव मैंने दिया. तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाय. सरप्राईज!”

“निजाम, मी तुझं काय वाकडं केलं व्हतं रे?”

मग ते बसल्या जागेवरून ओरडले, “मला सत्कार नको! गाणं सुरू करा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना हे फारच आवडलं. सत्कार नको म्हणणारी माणसं आता राहिलीत कुठे, असं प्रेरणाने विचारलं, आणि त्यावर तिला एक चारोळीही आठवली. मग प्रमुख पाहुण्यांना राहवेना. त्यांनी माईक घेतला, “विनम्रता” म्हणाले आणि घसा खाकरला. घसा खाकरून बोलणारा पाहुणा लवकर बसत नाही, हा सगळ्या महाराष्ट्राचा अनुभव आहे. पाहुणे विनम्रतेवरून आपल्या वडिलांवर आले आणि वडिलांवरून आपल्या शिक्षणसंस्थेवर.

काकासाहेब नको नको म्हणून हात हलवत होते. जितका हात हलवावा तितक्या टाळ्या वाढत होत्या. शेवटी दोन कार्यकर्ते खाली उतरले आणि त्यांच्या दंडाला धरून आग्रह करू लागले.

“जाओ ना यार,” निजामुद्दीन म्हणाला. आता तोही घाबरला होता. “जितना ना बोलोगे, उतना टाईम जाएगा.”

हे मात्र पटलं. काकासाहेब उठले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ पळतच स्टेजवर चढले. खांद्यावर शाल पडली न पडली तोच त्यांनी नारळ ओढून घेतला आणि फोटोवाल्याकडे पाठ केली. “दोन शब्द,” म्हणत प्रेरणाने माईक पुढे केला. तो बाजूला सारून ते थेट बाईंपुढे जाऊन उभे राहिले.

“बाई, ललत.”

करुणाबाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड होता. टाकीच्या बाजूने ऊन सरळ स्टेजवर आलं होतं, तंबोऱ्यांच्या भोपळ्यांवर, फुलांवर, पाहुण्यांच्या टकलावर.

“ऊन आलं हो, दादा,” त्या हळूच म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. “मीही केव्हाची वाट बघत होते. आता ललत गेला. बिलावल गाते. बसा.”

काकासाहेबांना भर स्टेजवर रडू यायचं बाकी होतं. इतका राग आला होता की कुणावर काढावा ते सुचेना. त्यांनी नारळ प्रेरणाच्या हातात दिला. खाली मात्र उतरले नाहीत. बाईंच्या समोरच सतरंजीवर त्यांनी बसकण मारली, खांद्यावरची शाल डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि आतून म्हणाले,

“बाई, इथं अजून उजाडलं नाय.”