गिळलेला जयकार

या, जवळ सरका, मांडीला मांडी लावून बसा. आज अशी कथा सांगतो की ऐकताना तुमचेच दात आवळले जातील.

"जय!" कपिल ओरडला आणि दाढेखाली धरलेला बोळा तोंडातून उडून चादरीवर पडला. लालभडक.

झालं होतं असं. यवतमाळच्या दवाखान्यात सकाळी कपिलची किडलेली दाढ काढली होती. तुमचं-आमचं रक्त अशा वेळी घटकाभरात थांबतं. कपिलचं थांबत नाही. जन्मापासून त्याचं रक्त गोठायला कुरकुरतं. त्याचा सख्खा मामा असाच, दात काढल्यावर गेला. म्हणून डॉक्टर ममताताईंनी आधी इंजेक्शन दिलं होतं, टाके घातले होते, औषधात भिजवलेला बोळा चावून धरायला दिला होता. तरी रक्त पाझरतच होतं. आणखी इंजेक्शन नागपूरहून निघालं होतं. तोवर सगळी मदार त्या बोळ्यावर. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, फक्त दाबून धरायचं.

आणि बाप कोण? नेरकडचे सदाशिवराव कीर्तनकार! पोराची भीती जावी म्हणून त्यांनी खाटेशी बसून हळूच अभंग धरला. ती कापूस बुडाल्याची वर्षं. गावोगावची कीर्तनं बंद पडलेली. वॉर्डातली माणसं भुकेल्यासारखी खाटेभोवती जमली. सदाशिवराव रंगले. इतके रंगले की शेवटी, सवयीनं, हात उंचावून कळंबच्या गणपतीच्या नावानं गरजले, "बोला, चिंतामणी महाराज की..."

लहानपणापासून बापामागं झांज वाजवणारा कपिल. तो गप्प राहतो होय?

ममताताई धावत आल्या. "महाराज, तुम्ही बाप आहात की वैरी?" त्यांनी नवा बोळा बसवला. पण कपिल आता पुरता घाबरला होता. घडीघडी तोंड उघडून विचारायचा, "बाबा, थांबलं काय?" जीभ सारखी जखमेकडं जायची. बोळा सरकायचा, रक्त वाढायचं. त्याचे ओठ पांढरे पडत चालले.

"माह्या तोंडाले आग लागो," सदाशिवराव भिंतीकडं वळले. "आता एक शब्द नाही काढत."

"काहून नाही काढत?" कोकिळाबाई, कपिलची आई, कडाडली. "तुमचा आवाज बंद झाला का पोट्टा अजून भेते. म्हणा तुम्ही! फक्त जयकार गिळा."

"अवं, जयकाराबिगर कीर्तन पुरं होते काय? देव काय म्हणंन?"

"देवाचं मी पाहून घेतो. तुम्ही म्हणा!"

ममताताईंनी मान हलवली. "म्हणा. पण हळू."

सदाशिवरावांनी म्हटलं. कपिलचे डोळे बापाच्या ओठांवर खिळले. जबडा मिटला. बोटं खाटेच्या दांड्यावर ठेका धरू लागली. एक अभंग संपायच्या आत दुसरा सुरू व्हायचा. जयकाराला जागाच द्यायची नव्हती! गळा बसला, उन्हं खिडकीतून उतरली, तरी बाप थांबेना आणि पोराचे दात सुटेनात.

मग ममताताई टॉर्च घेऊन आल्या. बोळा अलगद बाजूला केला. वाकून पाहिलं. पुन्हा पाहिलं. दाढेच्या जागी काळसर गुठळी घट्ट बसली होती. नवा थेंब नव्हता.

"थांबलं!" त्या ओरडल्या. आनंद मावेना. हातातला टॉर्च उंचावला आणि ज्यांनी दिवसभर साऱ्या वॉर्डाला गप्प बसवलं, त्याच बाई खणखणीत आवाजात गरजल्या, "बोला, चिंतामणी महाराज की..."

कपिलची छाती फुगली.

पण आईचा तळहात त्याच्या तोंडावर आधीच पोचला होता.

साऱ्या वॉर्डानं ओठ मिटले आणि हात वर केले. सलाईनचे, प्लास्टरचे, सगळे हात. ममताताईंनी जीभ चावली. "मी कळंबची हो," एवढंच पुटपुटल्या. नागपूरचं इंजेक्शन आलं तेव्हा वॉर्डातले हात अजून खाली यायचे होते.

तुमची तोंडं मोकळी आहेत, बाप्पा. जिथं जयकार होईल तिथं पोटातून "जय" म्हणा. फक्त त्याआधी, श्वास भरता भरता, कोकिळाबाईच्या त्या तळहाताची आठवण ठेवा.