मानेवरचे केस

"पोरीचा थायरॉइड एकदम छान आलाय," सेंटरमधल्या मॅडमनी रंगीत पट्ट्यांचा रिपोर्ट संयोगितापुढं सरकवला. "आता सुई नको, रक्त नको. केस कधी खोटं बोलत नाहीत."

राजारामपुरीतलं हे केस तपासणारं सेंटर शोधलं होतं संयोगितानंच. तपासणीच्या दर खेपेला तेजस्वीच्या एवढ्याशा हातात शीर सापडेपर्यंत टोचायचे, ते तिला बघवेना. म्हणूनच रिपोर्ट मोबाईलवर आला त्या दिवशी, मॅडमच्या फोनवरच्या शब्दावर, तिनं लेकीची थायरॉइडची रोजची गोळी बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही. आता त्याला बरेच दिवस झाले होते.

तेजस्वी आजीच्या, संयोगिताच्या सासूबाईंच्या, मांडीवर झोपली होती.

"एकच बारीक गोष्ट," मॅडमनी एका पट्टीवर पेनाचं टोक टेकवलं. "शिसं जास्त दिसतंय. असं कलप लावणाऱ्यांच्या केसांत येतं." मग स्वतःच हसल्या. "बाळाला कलप लावता काय?"

राजवर्धन, संयोगिताचा नवरा, खो खो हसला. संयोगिताची नजर मात्र सासूबाईंच्या काळ्याभोर अंबाड्यावर जाऊन थांबली. तपासणीसाठी तेजस्वीच्या मानेवरचे केस कापून पाकिटात भरायचं काम तिनं त्यांच्यावर सोपवलं होतं. लेकीच्या मानेशी कात्री न्यायचा तिला स्वतःला धीर झाला नव्हता.

"आई, पाकिटात कुणाचे केस घातलासा?"

"कुणाचे म्हंजे? माझं." सासूबाईंचा आवाज तसूभरही खाली आला नाही. "पोरीचं जावळ जोतिबाला बोललोय. त्याच्या आधी कात्री लावू व्हय? आन् नात माझीच हाय की. माझ्यात काय न् तिच्यात काय!"

संयोगितानं मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी रिपोर्टची घडी घातली.

"तसं बघितलं तर घराणं एकच. फार फरक पडत नाही," त्या म्हणाल्या आणि ड्रॉवरमधून थेंबांची बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे सुरू करा. पुढं बघू."

"मिटलं की मग," राजवर्धन म्हणाला. "तुला कशातबी खोट काढायची सवयच हाय."

"न्हायतर काय! पोर बघ की जरा," सासूबाईंनी नातीच्या कपाळावरची बट मागं सारली. "त्या गोळीची पीडा गेली तशी किती गुणी झालीया. रडणं न्हाय, वरडणं न्हाय. शेजारीण म्हणती, तुमच्यात बाळ हाय असं वाटतच न्हाय."

संयोगितानंही मैत्रिणींना तेच सांगितलं होतं. रात्रभर उठत नाही, दुधालासुद्धा नाही. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, नशीबवान आहेस.

तिनं उठून लेकीला जवळजवळ ओढूनच घेतलं. पाय गार लागले. जन्मली तेव्हा, गोळी सुरू व्हायच्या आधी, तेजस्वी अशीच निजून असायची. हलवल्याशिवाय डोळे उघडायची नाही.

संयोगितानं तिच्या तळव्यावर टिचकी मारली. मग आणखी एक.

"अगं, झोपल्या पोरीला मारतीस काय?" सासूबाई ओरडल्या.

"रड की गं," संयोगिता म्हणाली, आणि पुढची टिचकी जोरात मारली. "रड की."